सेवाकार्याला आकडेशास्त्राची साथ

बँका, विमा कंपन्या, जाहिरात व्यवसाय आणि मोठी विक्रीदालने आपल्याकडे साठलेल्या माहितीच्या विश्लेषणासाठी तज्ज्ञांची फौज बाळगतात. कोणता ग्राहक कर्ज थकवील, कोणती वस्तू कोणत्या महिन्यात खपेल, याचे अंदाज या विश्लेषणातून बांधले जातात. सांख्यिकी, संगणकशास्त्र आणि विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान यांच्या मिलाफातून उभ्या राहिलेल्या या शाखेला डेटा सायन्स किंवा मराठीत विदाविज्ञान असे म्हणतात. धर्मादाय संस्थांकडेही नोंदवह्यांचे ढीग असतात. परंतु देणगीदार औषधांसाठी, पुस्तकांसाठी पैसे देतो; विश्लेषकाच्या वेतनासाठी देणारा विरळाच. ही उणीव आपल्या कौशल्याच्या दानाने भरून काढू पाहणाऱ्या स्वयंसेवकांचे गट गेल्या दीड-दोन दशकांत अनेक देशांत उभे राहिले आहेत.

आकड्यांच्या साहाय्याने सेवा करण्याची कल्पना तशी जुनी आहे. क्रिमियन युद्धाहून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये वर्तुळाकार आकृत्या प्रसिद्ध केल्या आणि ब्रिटिश सैनिकांचे बहुसंख्य मृत्यू जखमांऐवजी टाळता येण्याजोग्या रोगांनी झाल्याचे दाखवून दिले. अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या आश्रयाखाली २००८ मध्ये 'स्टॅटिस्टिक्स विदाउट बॉर्डर्स' हा स्वयंसेवकांचा गट स्थापन झाला.

या कार्याला चळवळीचे रूप देण्यात जेक पोरवे यांचा मोठा वाटा आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संशोधन विभागात विदावैज्ञानिक असताना त्यांनी संगणकतज्ज्ञांच्या शनिवार-रविवारच्या शिबिरांत, म्हणजे हॅकेथॉनमध्ये, एक गोष्ट पाहिली. तेथे तयार होणारी साधने बहुधा ती बनविणाऱ्या सुस्थित तरुणांच्याच सोयीची असत. २०११ मध्ये त्यांनी तज्ज्ञांना सामाजिक संस्थांसाठी काम करण्याचे आवाहन केले. त्यातून 'डेटा विदाउट बॉर्डर्स' ही संस्था जन्माला आली आणि २०१२ मध्ये तिचे नाव 'डेटाकाइंड' झाले. ब्रिटन, डब्लिन, सिंगापूर, वॉशिंग्टन यांच्याबरोबरच बंगळूर येथेही पुढे तिच्या स्वयंसेवकांच्या शाखा निघाल्या.

'डेटाडाइव्ह' हे या संस्थेचे वैशिष्ट्य. त्यात सामाजिक संस्थेचे कार्यकर्ते आणि विश्लेषक दोन दिवस एकत्र बसतात. वरवर पाहता हेही हॅकेथॉनच. फरक आहे तो पूर्वतयारीचा. काही स्वयंसेवक आधी कित्येक आठवडे संस्थेबरोबर बसून नोंदी स्वच्छ करतात आणि प्रश्न नेमका करून घेतात. 'आमच्या माहितीतून काहीतरी काढून द्या' ही मागणी पुरेशी होत नाही. 'कोणत्या वस्तीत आधी जावे' हा प्रश्न चालतो, कारण त्याच्या उत्तरावर सोमवारी सकाळी कोणाला तरी निर्णय घ्यायचा असतो. दीर्घ कामांसाठी स्वयंसेवकांची पथके काही महिने संस्थेशी जोडली जातात.

छपरांवरून गरिबीचा शोध

या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखविणारे उदाहरण केनियातील आहे. 'गिव्हडायरेक्टली' ही संस्था अतिगरीब कुटुंबांना मोबाइल दूरध्वनीद्वारे थेट रोख रक्कम पाठविते. आरंभीच्या काळात ही रक्कम कुटुंबामागे सुमारे एक हजार डॉलर होती. गरीब कोण, हे ठरविण्यासाठी संस्थेने एक साधी खूण निवडली होती. घरावर गवताचे छप्पर असेल तर कुटुंब पात्र, पत्रा असेल तर अपात्र. पण अशी घरे अधिक असलेली गावे शोधायला कार्यकर्त्यांना गावोगाव फिरावे लागे. त्यात वेळ जाई आणि गरिबांसाठीचा पैसाही खर्च होई.

डेटाकाइंडच्या स्वयंसेवकांनी यासाठी उपग्रह छायाचित्रांचा आधार घेतला. पश्चिम केनियातील सियाया भागाच्या छायाचित्रांवर आधी माणसांनी गवताची आणि पत्र्याची छपरे खुणा करून दाखविली. चकाकणारा पत्रा आणि तपकिरी गवत यांतील फरक त्यावरून संगणकाला शिकविण्यात आला आणि कोणत्या गावात गवती छपरांचे प्रमाण अधिक, याचा अंदाज मिळू लागला. २०१४ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या विदाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हे काम मांडण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संगणक छप्पर ओळखत होता, गरिबी नव्हे. दिवंगत पतीने घातलेल्या पत्र्याखाली उपाशी राहणारी विधवा या निकषात बसत नाही. मदतीच्या आशेने गवती झोपडी उभारणारा बसतो. छायाचित्रे कितीही अचूक वाचली तरी ही चूक सुधारत नाही, कारण ती निकषातच असते. गिव्हडायरेक्टलीने पुढे छपराचा निकष सोडून निवडलेल्या गावातील सर्वच घरांना मदत देण्याची पद्धत स्वीकारली.

संदेशांमागील माणसे

दुसरे उदाहरण अमेरिकेतील 'क्रायसिस टेक्स्ट लाइन' या संस्थेचे. मानसिक तणावात सापडलेल्यांना लघुसंदेशाद्वारे आधार देणारी ही सेवा २०१३ मध्ये सुरू झाली. आत्महत्येच्या विचारात असलेला मुलगा रात्री दोन वाजता संदेश पाठवितो तेव्हा त्याला ताटकळत ठेवणे म्हणजे काय, हे सांगायला नको. डेटाकाइंडच्या स्वयंसेवकांनी नोंदी तपासल्या असता अवघ्या ३ टक्के व्यक्तींशी होणाऱ्या संभाषणांत समुपदेशकांचा ३४ टक्के वेळ जात असल्याचे आढळले. ही माणसे पुन्हा पुन्हा संदेश पाठवीत होती. त्यांना झिडकारावे, असा याचा अर्थ नव्हता. त्यांना दीर्घकालीन उपचारांची गरज होती आणि रांगेत थांबलेल्यांना तातडीच्या आधाराची. हा भेद आधी कोणाच्या नजरेत इतका स्पष्ट आला नव्हता.

याच संस्थेने पुढे वादही ओढवून घेतला. तिच्यातूनच निघालेल्या 'लोरिस' या व्यापारी कंपनीला संभाषणांची माहिती, नावे वगळून, पुरविली जात असल्याचे जानेवारी २०२२ मध्ये वृत्तमाध्यमांतून उघड झाले. ग्राहकसेवा सुधारणारे सॉफ्टवेअर हा त्या कंपनीचा व्यवसाय होता. टीकेनंतर काही दिवसांतच हा व्यवहार थांबविण्यात आला. नावे वगळली होती, हे संस्थेचे म्हणणे होतेच. परंतु जीव नकोसा झालेल्या क्षणी केलेली संमती कितपत खरी मानायची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. स्वयंसेवक विनामूल्य काम करतो म्हणून त्याच्या हातातील माहिती त्याची होत नाही.

भारतातील अनुभव

आपल्याकडे अडचण बहुधा आणखी अलीकडची असते. विश्लेषण करायला आधी माहिती तर हवी. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून 'असर' ही पाहणी सुरू केली. तीत स्थानिक संस्थांचे आणि महाविद्यालयांचे स्वयंसेवक गावात घरोघर जातात आणि मुलाला अक्षरे, शब्द, सोपा उतारा वाचायला सांगतात. चाचणी एका कागदावर मावते. ग्रामीण भागात पाचवीतील जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही, हे सत्य देशासमोर आले ते या पाहणीतून. त्यात कोणतेही प्रगत गणित नव्हते.

कोविडच्या साथीत मार्च २०२० मध्ये सुरू झालेले 'कोविड१९इंडिया' हे संकेतस्थळ पूर्णपणे स्वयंसेवकांनी चालविले. राज्यांची दैनंदिन पत्रके एकसारखी नव्हती. कोणी पीडीएफ काढी, कोणी नुसते छायाचित्र प्रसिद्ध करी. स्वयंसेवक ते आकडे वाचून, पडताळून एका तक्त्यात भरीत आणि जिल्हावार स्थिती सर्वांसाठी खुली करीत. पत्रकार, संशोधक आणि सामान्य नागरिक यांचा त्यावर मोठा भर होता.

अशा कामात सावधगिरी किती लागते, ते महाराष्ट्राच्या एका आकड्यावरून दिसते. १६ जून २०२० रोजी राज्याने एकूण १,४०९ मृत्यूंची नोंद जाहीर केली. त्यांपैकी ८१ मृत्यू नव्याने नोंदले गेले होते. उरलेले १,३२८ हे आधी निसटलेले आणि फेरतपासणीत सापडलेले होते. त्यांत एकट्या मुंबईतील ८६२ होते. आलेखावर मात्र त्या एका दिवशी सुळका उभा राहतो. खुलासा न वाचता आलेख पाहणाऱ्याला त्या दिवशी हाहाकार माजल्यासारखे वाटेल आणि आधीचे आठवडे होते त्याहून शांत भासतील. सुळका पुसून टाकणे सोपे होते, पण ते मृत्यू पुन्हा नाहीसे करण्यासारखे झाले असते. म्हणून आकडा ठेवायचा आणि त्याच्याशेजारी त्याची हकिकत लिहायची, हाच मार्ग उरतो.

हे काम रोजचे होते, आणि ते करणारे आपापल्या नोकऱ्या व शिक्षण सांभाळून करीत होते. शनिवार-रविवारच्या शिबिराला शेवट असतो. साथीला तो ठाऊक नव्हता. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी या गटाने संकेतस्थळ अद्ययावत करणे थांबविले. काही महिने आधीच तशी सूचना देण्यात आली होती, जेणेकरून त्यावर विसंबलेल्यांना दुसरी सोय करता यावी.