परक्या मैदानावरील विजय आणि प्रशिक्षकाचे श्रेय

प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर मिळवलेल्या विजयाचे श्रेय प्रशिक्षकाला किती द्यावे? या दृष्टीने मुंबई सिटी एफसीचे उदाहरण उद्बोधक आहे. डेस बकिंगहॅम यांनी हंगाम सुरू असताना संघ सोडल्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये पेत्र क्रात्की यांनी सूत्रे स्वीकारली. १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानने मुंबईला २-१ असे नमवून इंडियन सुपर लीगची शील्ड पटकावली. अवघ्या १९ दिवसांनी, ४ मे रोजी, हेच संघ त्याच मैदानावर अंतिम सामन्यात भिडले. मध्यंतराला मुंबई ०-१ अशी पिछाडीवर होती. उत्तरार्धात होर्हे परेरा डियाझ, बिपिन सिंग आणि बदली खेळाडू याकुब वोइतुस यांनी गोल करून ३-१ असा विजय खेचून आणला.

पिछाडीवरही न ढळलेली शिस्त आणि बदली खेळाडूची अचूक निवड, हे श्रेय निःसंशय प्रशिक्षकाचे. मात्र संघाची घडी बकिंगहॅम यांनी बसवली होती. २०२२-२३ ची शील्ड त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आली होती. क्रात्की यांची खरी कसोटी पुढच्या हंगामात लागली. मुंबई सहावी आली आणि २९ मार्च २०२५ रोजी बेंगळुरूमध्ये, पुन्हा परक्याच मैदानावर, ०-५ अशी गारद झाली.