चोपदाराचा चोप आणि सेवेकऱ्यांचं गाऱ्हाणं

आपल्या दिंडीत तंबू ठोकणारा, चुलीपुढे बसणारी, पाणी भरणारा, ट्रकवर सामान चढवणारा, सगळे आपापल्या मनाने आलेले. कुणाला पगार नाही. उलट भिशीचे पैसे भरून वर काम करायचं! अशा माणसाला हुकूम सोडता येत नाही. पुढच्या आषाढीला तो आलाच नाही तर विचारणार कोण? मग एवढ्या मंडळींना निरोप द्यायचा कसा आणि त्यांचं म्हणणं ऐकायचं कसं, हा प्रश्न काही आपल्या शंभर वर्षांतलाच नाही. तो सोहळ्याइतकाच जुना आहे.

तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींच्या स्वतंत्र सोहळ्याची घडी बसवली. बाबा साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे नि तंबू सोहळ्यात आले. रथापुढे आणि रथामागे क्रमाने दिंड्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. फौज पाहिलेल्या माणसाचा हात यात दिसतो. पण वारकरी म्हणजे शिपाई नव्हे, हे त्या जुन्या मंडळींना पक्कं ठाऊक असलं पाहिजे, असं मला वाटतं. नाहीतर समाजआरतीची रीत अशी पडलीच नसती.

तत्पूर्वी कर्ण्याचं सांगतो. पहाटे तीनदा कर्णा होतो. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला आपल्या जागी जायचं, तिसऱ्याला पालखी हलते. ज्याला घड्याळ कळत नाही त्यालाही हे कळतं. खुणा थोड्या, रोज त्याच, आणि सगळ्यांना एकच. हजारो माणसं हलवायला शब्द लागत नाहीत ते यामुळे.

संध्याकाळी पालखी तळावर येते. दिंड्या गोल उभ्या राहतात, पालखी मध्ये. टाळ-मृदंगाचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. नवख्या माणसाच्या अंगावर काटा येतो. आता या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ तसेच वाजत राहिले तर ओळखायचं, त्या दिंडीचं काही गाऱ्हाणं आहे. चोपदार स्वतः तिच्याकडे चालत जातात. जागा मिळाली नाही, पाणी आलं नाही, वाटेत कुणी क्रम मोडला, काय असेल ते उभ्याउभ्या ऐकून घेतात. जमेल तिथे निवाडा होतो. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी आणि उद्या निघायची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती.

हा क्रम नीट बघा. आधी ऐकणं, मग सांगणं, शेवटी आरती. गाऱ्हाणं मांडायला ओरडावं लागत नाही, की कुणाची ओळख लागत नाही. टाळ थांबवायचे नाहीत, एवढंच. आणि हे सगळ्यांदेखत होतं, म्हणून मागून कुजबुज उरत नाही. पुणे ते सासवड हा सर्वांत लांबचा टप्पा. दिवे घाट चढून आलेल्या माणसाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. तो तळावरच निघाला नाही तर जेजुरीच्या वाटेवर दिंडीत भांडण ठरलेलं.

दिंडीच्या आत चोपदार येत नाहीत. तिथे विणेकरी, दिंडीप्रमुख आणि कोठी सांभाळणारे यांच्या बोलण्यावर सगळं चालतं. जुनी माणसं "माऊली, तेवढी एक घागर आणता का?" असं म्हणायची. नातवाच्या वयाच्या पोरालासुद्धा अहोजाहो. रात्री त्याच पोराच्या पायावर डोकं ठेवायची. असा पाया पडणारा माणूस सकाळी काम सांगतो तेव्हा ते काम जड वाटत नाही, हो.

आता मोबाईलवर ग्रुप आहे. 'ट्रक पहाटे ४ ला निघेल' असा निरोप एका दमात सगळ्यांना जातो. सोय चांगली आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण तळावर रेंज नसते, आजीबाईंकडे फोन नसतो, आणि निरोप वाचून गप्प राहिलेल्याला तो पटला की नाही ते कळत नाही. भाकरी थापणाऱ्या बायकांना उद्या मुक्काम किती वाजता पडणार हे सगळ्यांच्या आधी कळायला हवं. प्रत्यक्षात ते त्यांना सगळ्यांत शेवटी कळतं. तरुण पोरं एक वारी करून पुन्हा येत नाहीत, त्याचं कारण पायाचे फोड नसतात. सामान चढवायला हाक मारतात, पण सामान कमी का करत नाही हे विचारलं तर कुणी उत्तर देत नाही, अशी त्यांची तक्रार असते.

म्हणून दिंडीप्रमुखांना विनंती आहे. यंदा प्रस्थानाआधीच्या बैठकीत हिशेब वाचण्याअगोदर स्वयंपाकाच्या आणि ट्रकवरच्या मंडळींना बोलू द्या. मुक्कामावरही रोज हरिपाठ झाला की पाच मिनिटं त्यांच्यासाठी ठेवा, आणि उद्याची वेळ त्यानंतरच सांगा.