तळटीप : रोलंड एमटी-३२

एमटी-३२ : जपानच्या रोलंड कंपनीने १९८७ साली आणलेले ध्वनी-मॉड्यूल. याला स्वतःच्या पट्ट्या नाहीत. मिडीच्या केबलमधून फक्त सूचना येतात: कोणता स्वर, केव्हा, किती जोराने. प्रत्यक्ष आवाज घडतो तो या खोक्यात. वाद्याच्या आघाताचा पहिला क्षण ध्वनिमुद्रित नमुन्यातून घ्यायचा आणि पुढचा लांबणारा सूर यंत्राने रचायचा, अशी त्याची रीत. त्या काळी स्मृती महाग होती, म्हणून ही काटकसर. पण तिच्यातूनच त्याचा तो काचेरी, किंचित धूसर नाद जन्मला.

घरगुती पीसीचा स्पीकर एका वेळी एकच स्वर वाजवू शकत असताना सिएरा या खेळ बनवणाऱ्या कंपनीने 'किंग्ज क्वेस्ट ४' (१९८८) या खेळासाठी विल्यम गोल्डस्टीन यांच्याकडून संगीत करून घेतले आणि ते या मॉड्यूलवर ऐकवले. खेळ सुरू होताना स्वतःचे आवाज त्यात भरत, समोरच्या वीस अक्षरी पडद्यावर संदेशही झळकवत. सुरुवातीच्या यंत्रांना मात्र ही माहिती फार वेगाने आली तर झेपत नसे. पडद्यावर बफर भरल्याची सूचना येई.

रोलंडच्याच एससी-५५ (१९९१) पासून जनरल मिडीची १२८ वाद्यांची ठरीव क्रमवारी रुळली. त्यात एमटी-३२ची नक्कल करणारी सोय होती, पण खेळांनी पाठवलेले खास आवाज ती स्वीकारत नसे. म्हणून त्या खेळांचे संगीत मूळ यंत्रावरच ऐकावे, असा संपादकाचा आग्रह आहे.