चोमाचा तिबेटी कोश

तिबेटी भाषेच्या आधुनिक अध्ययनाचा पाया ज्याने घातला, तो हंगेरियन पंडित शांदोर चोमा (१७८४–१८४२) तिबेटी शिकण्यासाठी घराबाहेर पडलाच नव्हता. ट्रान्सिल्व्हानियातील कोरोश या खेड्यात जन्मलेला आणि ग्योटिंगेन येथे पौर्वात्य भाषांचे अध्ययन केलेला हा निर्धन विद्यार्थी १८१९ मध्ये पूर्वेकडे निघाला, तो मग्यार लोकांचे आद्यस्थान मध्य आशियात शोधण्यासाठी. हंगेरियन व सामी या भाषांचे नाते शाय्नोविच याने १७७० मध्येच दाखविले होते; परंतु ध्रुवप्रदेशातील मच्छीमारांशी आपले गोत्र जुळावे, हे त्या काळच्या अनेक हंगेरियनांस रुचत नव्हते. चोमाची दृष्टी उइगुरांच्या प्रदेशाकडे लागली होती.

१८२२ मध्ये तो लेहला पोहोचला. यार्कंदची वाट खर्चाची व धोक्याची असल्याचे कळून तो मागे फिरला असता विल्यम मूरक्रॉफ्ट याची त्याच्याशी गाठ पडली. मूरक्रॉफ्टने त्याला ज्योर्जीचा ‘आल्फाबेटम तिबेटानम’ (१७६२) हा ग्रंथ वाचावयास दिला. अपुऱ्या व सदोष अशा या एका ग्रंथाने चोमाच्या आयुष्याची दिशा पालटली.

झंस्कारमधील झांगला येथे १८२३-२४ चा हिवाळा त्याने लामा सांग्ये फुनछोग याच्यासह नऊ फूट लांबीरुंदीच्या खोलीत काढला. शेकोटी नाही, अंधार पडल्यावर दिवा नाही. मेंढीच्या कातड्यात हात गुंडाळून सकाळपासून सायंकाळपर्यंत वाचन चाले. पुढे सबाथू येथे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी संशयावरून त्याला अडकवून ठेविले. नंतर मात्र त्याच सरकारने दरमहा ५० रुपये वेतन दिले. १८२७ ते १८३० या काळात किन्नौरमधील कानम येथे कोशाचे काम पुरे झाले. कोश व व्याकरण ही दोन्ही कलकत्त्यास १८३४ मध्ये छापली गेली.

कोशाच्या मुखपृष्ठावर चोमाने आपल्या नावाआधी सांग्ये फुनछोगचे साहाय्य नमूद केले आहे. वसाहतकालीन भाषापंडितांनी आपल्या देशी गुरूंना बहुधा प्रस्तावनेतील आभारांच्या ओळीतच जागा दिली, हे लक्षात घेता या मुखपृष्ठाचे मोल कोशातील मजकुराहून कमी मानता येत नाही. शब्दांचे अर्थ केवळ पोथ्यांतून नव्हे, तर त्या पोथ्यांत मुरलेल्या एका मनुष्याच्या मुखातून आले होते.

कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीचा ग्रंथपाल असताना (१८३७ पासून) चोमा ग्रंथांच्याच सहवासात राहिला. कांग्युरच्या शंभर खंडांचे त्याने केलेले विवेचन सोसायटीने प्रसिद्ध केले. त्याचा संस्कृत-तिबेटी-इंग्रजी शब्दसंग्रह मात्र १९१० ते १९४४ या अवधीत भागशः बाहेर पडला. मूळ ध्येय त्याने सोडले नव्हते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो ल्हासाकडे निघाला आणि ११ एप्रिल १८४२ रोजी दार्जिलिंग येथे ज्वराने मरण पावला. त्याच्यापाशी ग्रंथ व कागदपत्रे यांच्या चार पेट्या, अंगावरचा निळा पोशाख, काही चादरी आणि स्वयंपाकाचे एक भांडे एवढेच सामान होते.