महाडच्या नगरपालिकेचा एक ठराव

स्थानिक स्वराज्य ही लोकशिक्षणाची पहिली शाळा होय, असे १८८२ सालच्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावापासून आपल्याकडे सांगण्यात येत असते. परंतु शाळेतील धडा नुसता पाठ करून भागत नाही. तो आचरणात उतरला की नाही, हे विचारणाराही कोणी असावा लागतो. या दृष्टीने कोकणातील महाड या लहानशा शहराच्या नगरपालिकेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा एक ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलाने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये तेथील चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला.

कागदावर प्रश्न सुटला. तळ्याच्या काठी मात्र काहीच बदलले नाही. मुसलमान व ख्रिस्ती तेथे पाणी भरीत, गुरेढोरेही पाणी पीत. मज्जाव होता तो फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसाला. ठराव रद्द झाला नव्हता आणि अमलातही आला नव्हता. मग पालिकेला जाब विचारावयाचा कोणी? मतदानाचा हक्क त्या काळी कर व मालमत्ता यांवर बेतलेला असे. ज्यांना ठरावाने हक्क दिला, त्यांच्यापैकी बहुतेकांस सभासद निवडण्याचा अधिकारच नव्हता. आणि ज्यांच्या मतांवर सभासद निवडून येत, त्यांतील अनेकांना तो ठराव नको होता. ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या संस्थांची सरकारी मदत थांबवावी, अशी मागणी बोले यांना ऑगस्ट १९२६ मध्ये पुन्हा करावी लागली, ती यामुळेच.

अखेर जाब विचारला तो मतपेटीने नव्हे. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाड येथे भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तिची उभारणी केली होती, आणि नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे यांची सहानुभूती तिला होती. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली व ओंजळभर पाणी प्याली. नगरपालिकेने जे तीन वर्षांपूर्वी मान्य केले होते, तेवढेच त्यांनी केले. त्यानंतर मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठली. परिषदेस आलेल्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांस प्रतिकारापासून आवरले. पुढे तळ्यात पंचगव्य ओतून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली.

यानंतर नगरपालिकेने काय करावे? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला १९२४ चा ठरावच मागे घेतला. विशेष हे की, बोले यांच्या मूळ ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. मतदारांना ती जबाबदार राहिली, नागरिकांना नव्हे; आणि या दोहोंतील अंतर किती भयंकर असू शकते, हे या एका दिवसाने दाखवून दिले.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा तळे खाजगी असल्याचा दावा करून काही स्पृश्य गृहस्थांनी न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबर रोजी परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले; तळ्यावर जाणे मात्र, न्यायालयाचा मान राखून, तहकूब ठेवण्यात आले. खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. बंदीची अनादि वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नव्हती.

सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे, एवढी साधी गोष्ट कायद्याने पक्की व्हावयास मूळ ठरावापासून साडेतेरा वर्षे लागली. ठराव संमत होणे हा लोकसत्तेचा आरंभ होय. ज्याच्यासाठी तो केला, तो माणूस निर्भयपणे पाणवठ्यावर उभा राहू शकतो की नाही, हीच त्याची खरी कसोटी. आणि सभागृहात ज्याला जागा नाही, त्याचा प्रश्न जी नगरपालिका ऐकते, तीच लोकांची म्हणविण्यास पात्र ठरते.