संशोधनाच्या आराखड्याची परंपरा

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत ज्या छत्तीसगढचा वसूल सुभेदारांच्या दफ्तरी जमा होत असे, त्या प्रांताची उच्च विद्याही पुढे प्रारंभी 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या आश्रयाने वाढली; रायपुरास स्वतंत्र विद्यापीठ लाभले ते 1964 मध्ये. आज नवा रायपुरात 2003 चे हिदायतुल्ला राष्ट्रीय विधि विद्यापीठ आणि 2010 ची भारतीय व्यवस्थापन संस्था नांदत आहेत.

विद्यापीठे अशी वाढली, तरी त्यांतील संशोधनाच्या आराखड्याकडे पाहण्याची दृष्टी वेगळी होती: पूर्वी पीएच.डी.च्या प्रबंधाची रूपरेषा ही बहुधा कचेरीत दाखल करावयाच्या अर्जासारखी गणली जाई. 2009 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी संशोधनपद्धतीचे पूर्वाध्ययन अनिवार्य केले, हे उचितच झाले. तथापि खरा आराखडा नियमांतून नव्हे, तर साधनांच्या सहवासातून सिद्ध होतो. उदाहरणार्थ, नागपूरचे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी छत्तीसगढातील रतनपूरच्या कलचुरी राजांचे कोरीव लेख ज्या ग्रंथात संपादित केले, तो 1955 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक लेखाचे वाचन, काल आणि स्थलनिश्चिती हे प्रश्न पृथक् मांडलेले आहेत. प्रश्न असा निश्चित झाल्यावाचून साधने कोणती आणि मर्यादा कोठवर, हे ठरत नाही. म्हणून मार्गदर्शकांना विनंती, की विद्यार्थ्याच्या शीर्षकावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्याचा प्रश्न त्याच्याच मुखाने ऐकावा.