थ्रिफ्ट : एका शब्दाची कुळकथा

आज ‘थ्रिफ्ट’ म्हटले की पैपैचा हिशेब ठेवणारा, हात आखडून खर्च करणारा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ह्या शब्दाच्या कुळात कार्पण्याचा लवलेशही नव्हता. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व मुलुखात ठाणी देऊन राहिलेल्या डेन लोकांची नॉर्स भाषा त्या देशाच्या नित्य बोलण्यात मिसळली, आणि तिच्यातूनच हा शब्द आला. त्याचा मूळ धातू ‘थ्रीफा’ म्हणजे हाती धरणे; त्याच्या आत्मनेपदी रूपाचा अर्थ स्वतःकरिता धरणे आणि त्यावरून पुढे भरभराटणे असा झाला. ‘थ्राइव्ह’ हे क्रियापद त्याचे सख्खे भावंड. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसरची पात्रे आपल्या ‘थ्रिफ्ट’ची शपथ वाहतात, तेव्हा ती बरकतीचीच शपथ असते.

सोळाव्या शतकात, ज्या गुणाने बरकत येते त्या काटकसरीच्या गुणालाच तिचे नाव मिळाले. जुना अर्थ मात्र ‘स्पेंडथ्रिफ्ट’ ह्या जोडशब्दात शाबूत आहे. साठवलेली दौलत उधळून टाकणारा, असा त्याचा सरळ अन्वय लागतो.

समुद्रकाठच्या कड्यांवर, खारा वारा सोसत, खडकाच्या फटीतील चिमूटभर मातीवर तग धरून गुलाबी फुलांचे गेंद उभे करणाऱ्या एका रोपट्यालाही इंग्रजांनी हेच नाव दिले, आणि ह्या नावात शब्दाचे मूळ तेज मला सर्वाधिक जाणवते. १९३७ साली सहाव्या जॉर्जच्या नावाने तीन पेन्सांचे बारा कडांचे पिवळे नाणे पाडण्यात आले, तेव्हा त्याच्या पाठीवर ह्याच रोपट्याचे तीन गेंद उठवले गेले. आकडा तीनचा, फुले तीन, आणि नाव बचतीचे, असा त्रिवेणी योग टांकसाळीने साधला.

ह्या नाण्याच्या कितीतरी आधी, १८७५ साली, सॅम्युएल स्माइल्स ह्या लेखकाने ‘थ्रिफ्ट’ नावाचा ग्रंथच लिहून काटकसरीच्या गुणाला सदाचाराच्या आसनावर बसविले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सरकारी खजिन्याने पंचवीस सेंटांची ‘थ्रिफ्ट’ तिकिटे काढली. त्यांवर व्याज नसे. परंतु ती चिकटवण्याचा कागद सोळा तिकिटांनी भरला, की वर थोडे सेंट घालून त्याच्या बदल्यात युद्धबचतीचे तिकीट मिळे, आणि १९१८ साली घेतलेल्या त्या तिकिटाचे १ जानेवारी १९२३ रोजी पाच डॉलर हाती पडत.